शीचा रंग विचारणारे भागुजीमामा

आमच्या वडवणीत सकाळी भेटल्यावर लोक चहा झाला का, असं विचारतात. शेजारचे भागुजीमामा विचारतात, "पोरीची शी आज कोन्त्या रंगाची?" तेही कुंपणापलीकडून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

मामांचं सगळं आयुष्य मेंढ्यांमागे गेलं. पहाटे लेंड्या बघून कुठलं जनावर बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. माझी ओवी वरचं खायला लागली आणि मामांनी ती विद्या आमच्या घरात आणली. हिरवी म्हटलं की पालक दिला असणार, केशरी म्हटलं की गाजर न्हाईतर पपई. डॉक्टरांनी ओवीला लोहाचं औषध दिलं तेव्हा शी काळपट झाली. मी कुणाला बोलले नव्हते. मामांनी दोरीवरचा लंगोट बघूनच ओळखलं.

मी शाळेत शिकवते. एकदा त्यांनी हाच प्रश्न मला बसस्टँडवर, मुख्याध्यापकांसमोर विचारला. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही. त्यांनी ओवीच्या बापाला विचारून काम भागवलं.

मग एका रविवारी ओवीची शी लालभडक झाली. सासूबाई दृष्ट काढायला मीठमोहऱ्या शोधू लागल्या, नवऱ्याने बीडला जायला गाडी काढली. गडबड ऐकून मामा आले आणि थेट लंगोटाजवळ बसले. काल काय खाल्लं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वरणभात आणि केळं. मामांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"आक्का, तुमी काय चारलं?"

सासूबाईंनी मुठीतल्या मोहऱ्या परत डब्यात टाकल्या. मग कबूल केलं, की पोरगी माझ्या हातचं वरण थुंकते म्हणून काल मी शाळेत गेल्यावर त्यांनी तिला वाटीभर बिटाचा शिरा भरवला होता.

ओवी तोवर मामांच्या चपला एकमेकींवर आपटत बसली होती. मामा म्हणाले, पोर खेळती, दूध पेती, ताप न्हाई. बीट बंद करा, आणि बीट न देता पुन्हा लाल दिसली तर मग थांबू नका. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, तेही हेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी पिवळी झाली. ती बातमी गल्लीभर मामांनीच फिरवली.

त्या संध्याकाळी चहा देताना मी त्यांना विचारलं, की चारचौघांत असलं विचारायची लाज कशी वाटत नाही.

"वाटायची की," मामा म्हणाले. "आमची पयली पोरगी दोन म्हैन्याची व्हती. शी पांढरीफटक करायची. मला वाटलं, दूधच पेती, तर पांढरीच असंल. लोकांत असलं इचारायचं कसं, म्हनून गप बसलो. डोळे पिवळे झाले तवा बीडला नेली. डाक्टर म्हनला, लई उशीर केला."

ओवी त्यांचं धोतर धरून उभी राहिली आणि तिने हात वर केले. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"घ्यू का हिला?"

दीड वर्षात त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी मान डोलावली. मामांनी दोन्ही हात धोतराला पुसले, तिला अलगद मांडीवर घेतलं, आणि चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही.