सुधारलेली अर्पिता

आपण सुधारलो आहोत, ही बातमी अर्पिताला सोमवारी सकाळी बसथांब्यावरच्या फ्लेक्सवरून कळली.

फ्लेक्स चांगला दहा बाय आठचा होता. वर हात जोडलेले सात पुढारी, मधोमध सगळ्यांत मोठे उत्तमराव, आणि खाली कोपऱ्यात अर्पिताचा आधार कार्डावरचा फोटो. त्यात ती खरोखरच नुकतीच कुणाला तरी बदडून आल्यासारखी दिसत होती. शेजारी लाल अक्षरांत मजकूर : 'नवी पायवाट केंद्राची आदर्श लाभार्थी, विधिसंघर्षग्रस्त बालिका कु. अर्पिता हिंमतराव आखाडे हिने गैरवर्तन सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त गावकरी मंडळी.'

कायदा मोडणाऱ्या पोरांना सरकारी भाषेत विधिसंघर्षग्रस्त म्हणतात. तो शब्द अर्पिताने एका दमात वाचला, आणि खरं तर तोच तिच्या चांगल्या वर्तनाचा पुरावा होता. दहावी 'अ', नववीला एक्क्याण्णव टक्के, आणि नवी पायवाट केंद्रात ती जायची ती दर रविवारी तिथल्या पोरांना अपूर्णांक शिकवायला!

ती उलट्या पावली घरी आली. घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. शेजारच्या पुष्पाबाई ओट्यावर बसून आईला, सत्यभामाबाईंना, धीर देत होत्या.

"काय केलं वं तुनं?" आईने विचारलं.

"काहीच नाई केलं, आई!"

"मंग सुधारली कशातून?"

"जाऊ दे ना सत्यभामा," पुष्पाबाई म्हणाल्या. "सुधारली ना पोट्टी, झालं. आमच्या शिवमचंही नाव टाकाले सांग त्या केंद्राच्या सरले. त्याचा तर कोणी फोटोही नाई लावून राह्यलं."

बाबा, म्हणजे हिंमतराव, कांद्याच्या बियाण्याचं पोतं तसंच सोडून मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो मोठा करून पाहत होते. ते संतापले होते. अर्पिताला बरं वाटलं.

"हे काय बरोबर नाई," ते म्हणाले. "सुधारली आपली पोरगी, अन् फोटो उत्तमरावचा मोठा?"

शाळेत तर कहरच. शुक्रवारी विद्यार्थिनी प्रमुखाचं नाव जाहीर होणार होतं. ते अर्पिताचंच असणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. तिने भाषणही पाठ करून ठेवलं होतं. मुख्याध्यापक राजकुमार सरांनी तिला बोलावून घेतलं आणि बोलता बोलता टेबलावरचा काचेचा पेपरवेट हळूच ड्रॉवरमध्ये ठेवला.

"अर्पिता, तूच होणार होती. पण आता सुधारणा टिकते का, ते सहा महिने पाहावं लागंन."

"सर, पण मी बिघडलीच नव्हती!"

"सगळे असंच म्हणतात, बेटा."

शाळा सुटल्या सुटल्या ती केंद्रात जाऊन धडकली. केंद्र म्हणजे एक हॉल, दोन कॅरम, एक संगणक आणि शेखर सर. केंद्र सरकारी अनुदानावर चालायचं, आणि किती पोरं आली, किती सुधारली, किती पुन्हा बिघडली, याचा अहवाल सरांना दर तीन महिन्यांनी पोर्टलवर भरावा लागायचा. माणूस वाईट नव्हता. पोरांसाठी जीव टाकायचा. पण पोर्टल उघडलं की त्याला घाम फुटायचा.

"मले गुन्हेगार काऊन केलं, सर?"

"हळू बोल ना, माय." सरांनी संगणक तिच्याकडे फिरवला. "हे पाय. उद्दिष्ट वीस लाभार्थी, त्यात यंदापासून किमान एक मुलगी. एकोणीस पोट्टे आहेत माह्याकडं. मुलगी एकही नाई. इथं शून्य टाकलं का लाल होते. आता गावात एकही पोरगी चोऱ्या नाई करत, हा माहा गुन्हा आहे का?"

"म्हणून माहं नाव?"

"तू दर रविवारी येतेच. हजेरी पक्की."

"अन् गैरवर्तन?"

सरांनी माउस फिरवला. पडद्यावर यादी उघडली : चोरी, मारामारी, नशा, पलायन, तोडफोड. यातलं एक तरी निवडल्याशिवाय पोर्टल पुढे जात नव्हतं.

"तुनं तो ट्यूबलाइट फोडला होता ना मागं."

"बॅडमिंटन खेळताना! अन् सर्व्हिस तुमची होती!"

"हाव. पण माहं वय बसत नाई ना त्याच्यात."

पुढचं सगळं संगणकाने केलं होतं. हजेरी शंभर टक्के, 'सुधारणेआधी' नववीचे गुण एक्क्याण्णव, 'सुधारणेनंतर' सहामाहीचे चौऱ्याण्णव. एवढी झकास सुधारलेली मुलगी अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती. बुलढाण्याहून पत्र आलं : गुरुवारी अधिकारी पूनम मॅडम सत्काराला येत आहेत. सरांनी ते पत्र उत्तमरावांना दाखवलं. आणि उत्तमरावांच्या हाती पत्र पडलं की डोणगावला फ्लेक्स छापायला जातोच.

"नाव काढा माहं. आत्ताच्या आत्ता!"

सरांनी तेही करून पाहिलं. नाव काढायला पोर्टलला कारण हवं होतं, आणि कारणं तीनच होती : वय अठरा पूर्ण, गाव सोडले, पुन्हा गुन्हा केला.

अर्पिताने तिन्ही दोनदा वाचली. मग हॉलमधल्या नव्या ट्यूबलाइटकडे पाहिलं.

"नाई हं अर्पिता!" सर खुर्चीवरून उठलेच.

गुरुवारपर्यंत गावाने तिला सुधारलेली म्हणून पुरतं मान्य करून टाकलं. किराणा दुकानदार मोतीरामने तिला पाहताच गोळ्यांच्या काचेच्या बरण्या मागच्या फळीवर सरकवल्या आणि वर म्हणाला, "शाबास, पोरी." शिवमने अगदी आदराने विचारलं, "काय फोडलं होतं बे तुनं? एसटी का?" आता अर्पिताला रडू येत नव्हतं. तिला नुसता राग येत होता, आणि तो तिने गुरुवारसाठी जपून ठेवला होता.

गुरुवारी हॉल भरला. हार आले, नारळ आले, उत्तमराव आले. पूनम मॅडमनी अर्पिताच्या खांद्यावर हात ठेवून माइक पुढे केला. "घाबरू नकोस. तुझं आधीचं आयुष्य कसं होतं, ते सांग सगळ्यांना."

"आधीचं आयुष्य आत्ताच्यासारखंच होतं, मॅडम," अर्पिता म्हणाली. माइक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असतं. "मी एक ट्यूबलाइट फोडला, तोही सरांच्या सर्व्हिसवर. मी इथं शिकवायला येते. मी सुधारलेली नाई, अन् मले सुधारायचंही नाई!"

मॅडम शेखर सरांकडे वळल्या.

"मुलगी नव्हती, तर शून्य का नाही भरलं?"

"मॅडम, शून्य भरलं का लाल होते."

"लाल होतं म्हणजे खाली कारण लिहा. शेवटी चौकट दिलेली आहे."

"खाली?" सर म्हणाले.

संगणक मॅडमपुढे आणला गेला. त्यांनी पान खाली सरकवलं. सगळ्यात शेवटी खरंच एक चौकट होती. वर लिहिलं होतं, 'शेरा असल्यास'. तीन वर्षं सर अहवाल भरत होते, पण लाल दिसलं की त्यांचे हात वरच थबकायचे. आणि कार्यालयात फोन करून विचारायचं, तर साहेबाला फोन कोण करणार!

"आणि बसथांब्यावर काय लावलंय ते?" मॅडमचा आवाज आता वेगळाच होता. "अशा मुलांचं नाव, फोटो जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे. शुभेच्छुक कोण?"

"समस्त गावकरी," उत्तमराव घाईघाईने म्हणाले. पण फोटो त्यांचाच सगळ्यांत मोठा होता. फ्लेक्स त्यांनी स्वतः शिडीवर चढून उतरवला, आणि शिडी हिंमतरावांनी मोठ्या आनंदाने धरली.

मॅडमनी तिथेच दुरुस्ती करून घेतली. मुली : शून्य. शेरा अर्पिताने सांगितला : 'या तिमाहीत आमच्या गावात एकही मुलगी बिघडली नाही. त्यात केंद्राचा दोष नाही.' चौकट लालची हिरवी झाली.

शुक्रवारी अर्पिता विद्यार्थिनी प्रमुख झाली. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग राजकुमार सरांनी तिच्या हातात एक लांबलचक रजिस्टर ठेवलं.

"बेशिस्त विद्यार्थ्यांची नोंद. दर आठवड्याले किमान पाच नावं. तपासणीले दाखवा लागते."

पुढच्या शनिवारी शेवटच्या तासाला रजिस्टरात चारच नावं होती. घंटेला दहा मिनिटं उरलेली. अर्पिताने वर्गावर नजर फिरवली. मेला, आजच सगळा वर्ग शहाण्यासारखा बसला होता!

"सारिका," ती म्हणाली, "तू खिडकीतून बाहेर काऊन पाहून राह्यली?"

सारिकाने मान वळवून अर्पिताच्या हातातल्या रजिस्टराकडे पाहिलं. शांतपणे म्हणाली, "पाय वं, शेखर सर आले."

वर्ग खो खो हसला. अर्पिता कानापर्यंत लाल झाली. मग तिने पान खालपर्यंत पाहिलं, उलटून मागेही पाहिलं. शेऱ्याची चौकट कुठेच नव्हती.

तिने पेन उघडलं आणि पाचवं नाव वळणदार अक्षरात लिहिलं : श्री. राजकुमार सर, मुख्याध्यापक. गैरवर्तन : रजिस्टरात शेऱ्याला जागा ठेवली नाही.

सोमवारी ते रजिस्टर ड्रॉवरमध्ये गेलं, पेपरवेटच्या शेजारी. ते परत कुणी मागितलं नाही.