ध्येयदुर्ग अकॅडमीची निद्रा-सुधारणा

जगात जे जे जागं असतं ते ते तापतं. चूल, ट्रान्सफॉर्मर, नवा निवडून आलेला सरपंच आणि कम्प्युटर यांपैकी कुणालाही हात लावून पाहावा. म्हणून शहाणी व्यवस्था तीच, जी काम नसताना झोपते. (काम असताना झोपणाऱ्या व्यवस्थांचा विचार इथे केलेला नाही. त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत.)

भूकंपाने लातूरचं नाव देशाला कळवलं ते रडवून. पुढे शिकवण्यांनी तेच नाव होर्डिंगवर चढवलं. भूकंपाच्या वर्षी जन्मलेली लेकरं बारावीला आली तोवर आमच्या रस्त्यावरच्या दर तिसऱ्या इमारतीत भौतिकशास्त्र शिकवलं जात होतं आणि उरलेल्या दोन इमारतींत ते शिकणाऱ्यांचे डबे भरले जात होते. ध्येयदुर्ग अकॅडमी यातलीच एक. मी, रामलिंग, तिथे प्रवेश खिडकीवर बसतो. संस्थाचालक आप्पासाहेब. त्यांच्या दूरदृष्टीविषयी मी निःपक्षपातीपणे लिहिणार आहे, कारण ते हे वाचणार आहेत.

सुरुवात सराव परीक्षेच्या कम्प्युटरांपासून झाली. दिवसभर रिकामे बसूनही ते तव्यासारखे तापत. म्हणून नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या मुनीब सरांना बोलावलं. त्यांनी मशीन उघडलं नाही, नुसतं की-बोर्डवर काहीतरी बडवलं आणि म्हणाले, "आप्पासाहेब, ह्याच्या गाभ्याचा प्रोग्राम, कर्नल म्हणतात त्याला, जुना हाय. प्रोसेसरला सेकंदाला शेकडो बार उठवून विचारायलाय, काम हाय का, काम हाय का. काम तर काहीच न्हाई. नवा कर्नल तसं करत न्हाई. पुढचं काम कवा हाय तेवढं बघतो, एकच गजर लावतो अन् झोपू देतो."

"म्हणजे आमच्या लोट्यावानी!" आप्पासाहेब म्हणाले. "भूकंपानंतर आम्ही लोट्यावर लोटा रचून अंगणात झोपायचो. घडीघडीला उठून भुई हलायली का बघत बसलो असतो तर येड लागलं असतं. लोटे पडले की पळायचं, न्हाई पडले की झोपायचं."

"हाव, अगदी तसंच," मुनीब सर म्हणाले आणि नांदेडच्या गाडीत बसले. त्यांचा या प्रकरणातला दोष एवढाच.

आप्पासाहेबांनी वर्गात डोकावून पाहिलं. शंभर पोरं टक्क जागी होती आणि तापत होती. भौतिकशास्त्राचे व्यंकट सर फळ्यावर लिहीत होते आणि दर वाक्याला विचारत होते, "समजलं का?" पोरं एकसुरात म्हणत होती, "हो सर." आप्पासाहेबांना साक्षात्कार झाला. हाच तो जुना कर्नल! विनाकारण शंभर मेंदू उठवणारा!

तातडीने पाहणी झाली. निष्कर्ष असे: "समजलं का?" या प्रश्नाला होकार देणारे विद्यार्थी, नव्याण्णव टक्के. होकार देताना प्रश्न ऐकलेले, अकरा टक्के. होकार दिला तेव्हा वर्गात हजर नसलेले, चार टक्के. नकार देणारी विद्यार्थिनी, एक. नाव इकरा, गाव कंधार. तिने उभं राहून सांगितलं होतं, "न्हाई समजलं, सर." व्यंकट सरांना वीस वर्षांच्या सेवेत हे उत्तर आलेलं नव्हतं. त्यांनी हजेरीपट काढून ती आपल्याच वर्गातली आहे ना, हे तपासलं.

परिपत्रक निघालं आणि "समजलं का?" बंद झालं. (व्यंकट सरांना या शब्दांशिवाय वाक्य संपवता येईना, म्हणून त्यांना ते मनात म्हणण्याची मुभा देण्यात आली.) काम नसेल तेव्हा विद्यार्थ्यांनी झोपायचं, असं ठरलं. काम म्हणजे चाचणी, चहा आणि पालकभेट. शिकवणं हे शिक्षकाचं काम असल्याने ते यात मोडत नाही.

झोपेच्या चार पायऱ्या आखल्या गेल्या. पहिलीत डोळे उघडे आणि मेंदू बंद. ही आमच्याकडे आधीपासून होतीच, फक्त तिला मान्यता मिळाली. दुसरीत डोळेही बंद, पण मान ताठ. तिसरीत मान बाकावर. चौथीत उठवल्यावर स्वतःचं नाव लगेच सांगता येत नाही. पायरी जितकी खोल तितकी बचत जास्त, पण जागं व्हायला वेळही जास्त. चहा पाच मिनिटांवर आला असताना चौथी पायरी दिली तर चहा गार होतो आणि पोरगं कपबशीला नमस्कार करतं. म्हणून पुढचं काम किती लांब आहे याचा अंदाज बांधायला वसतिगृहाचे रेक्टर नरसिंग यांना अंदाज अधिकारी नेमलं. पूर्वी ते पावसाचा अंदाज सांगत, त्यामुळे चुकण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

एका दुपारी त्यांनी चौथी पायरी दिली आणि नेमक्या जळकोटहून साखराबाई धपाटे घेऊन लेकाला भेटायला आल्या. लेकाने डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "मावशी, उदगीर आलं का?"

"अगं बाई, माझं लेकरू मला वळखंना झालंय!" साखराबाईंनी हंबरडा फोडला.

मी त्यांना जागृती-विलंब समजावून सांगितला. पोराला ओळख पटेपर्यंत तीन धपाटे संपले. साखराबाई रडून दमल्या, बाकावर टेकल्या आणि तिथेच झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "लेकरू इथं टाकल्यापून आज पहिल्यांदा झोप लागली बघा. धाकटीलाबी घ्या की." हा अभिप्राय आम्ही माहितीपत्रकात छापला.

आता एक अडचण उरली. मुनीब सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यात खोल झोपंत काही प्रोसेसरचं स्वतःचं घड्याळबी बंद पडतंय. त्याला बाहेरून कुणीतरी उठवावं लागतं." म्हणजे नव्याण्णव जण झोपायचे तर एकाने जागं राहायला हवं. कोणी? आप्पासाहेबांचा तर्क बिनतोड होता. ज्यांना समजलं आहे त्यांना झोपेचा हक्क आहे. जिला समजलेलंच नाही तिने झोपावं कशाच्या जोरावर?

इकराला गजरप्रमुखाचा बिल्ला मिळाला. तिची खुर्ची फळ्याकडे पाठ करून मांडली, म्हणजे झोपलेले सगळे नजरेच्या टप्प्यात राहतील.

"मग सर, मी शिकू कवा?" तिने विचारलं.

"आधी सगळ्यांना उठव, बाळ. मग शीक," आप्पासाहेब मायेने म्हणाले.

तिला सीईटी देऊन नांदेडच्या सरकारी मेडिकलला जायचं होतं. तिचे वडील चांदपाशा कंधारच्या बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवत. घरात ठरलं होतं की एक साल लातूर, लागलं तर लागलं, नाही तर पोरीने परत येऊन काजं-बटणं करायची. खुर्चीची बातमी कळताच ते मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून आले.

"साहेब, माझी पोरगी तुमच्याकडं घड्याळ व्हायला न्हाई आली. डॉक्टर व्हायला आली."

"अहो, मानाचं पद हाय ते!" आप्पासाहेब म्हणाले.

"मग तुमच्या लेकाला बसवा की त्या खुर्चीवर." (आप्पासाहेबांचे चिरंजीव त्या वेळी तिसऱ्या पायरीवर असल्याने विचारणा होऊ शकली नाही.)

चांदपाशा परत गेले आणि इकरा खुर्चीवर राहिली. दुसऱ्या क्लासला जायला साल उरलं नव्हतं.

आता वर्गात दोनच माणसं जागी, व्यंकट सर आणि ती. सर तिच्या पाठीशी बोलत. ती मान वळवून विचारे, "सर, हे उणे कुठून आलं?" वीस बॅचेसना ते उणे शिकवलेल्या सरांना उत्तर येईना. ते घरी जाऊन पुस्तक उघडू लागले. दुसऱ्या दिवशी कानात सांगितल्यासारखं हळू शिकवू लागले, कुणी उठू नये म्हणून. तरीही तक्रार आलीच. शंकेमुळे पहिल्या बाकाची झोप चौथीवरून दुसरीवर आली होती. मग आदेश निघाला की किरकोळ शंका वेगवेगळ्या विचारू नयेत, साठवून शनिवारी एकदम विचाराव्यात. पुन्हा व्यत्यय आल्यास हॉल तिकीट अडवण्यात येईल.

इकराने शंका साठवल्या. शनिवारी व्यंकट सर डबा सोबत आणू लागले, कारण त्या संपता संपत नसत.

निकाल लागला. नव्याण्णव जणांची सरासरी मागच्या, जागत्या बॅचच्या सरासरीइतकीच भरली. एका गुणाचाही फरक नाही! आप्पासाहेबांनी पेढे वाटले. तेवढंच यश, आणि मेंदूचा खर्च शून्य. इकराला नांदेडचं सरकारी मेडिकल लागलं.

तिचं होर्डिंग लागलं ते निद्रा-सुधारणेचं यश म्हणून. फोटोत तिचे डोळे उघडे होते, तेवढी विसंगती राहू नये म्हणून ते कम्प्युटरवर मिटवून घेतले. बिल्लाही पुसला. चांदपाशा पोरीला घेऊन पेढे द्यायला आले, होर्डिंगखाली थांबले आणि म्हणाले, "जित्या पोरीचे डोळे कामून झाकलेत, साहेब?" आप्पासाहेबांनी त्यांना ब्रँडिंग समजावलं. इकराने पेढ्यांचा पुडा माझ्या खिडकीत ठेवला. मला फार वाईट वाटलं. (ही भावना कार्यालयीन वेळेनंतरची आहे.)

यंदा प्रवेश सुरू झाले. झोपेच्या सगळ्या जागा पहिल्याच दिवशी संपल्या, चौथ्या पायरीला तर आमदारांच्या चिठ्ठ्या आल्या. खुर्चीची एकच जागा आहे, आणि ती रिकामी आहे. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी आवाज खाली करून खरं काय ते सांगतो. होर्डिंगवरची पोरगी एक दिवसही झोपलेली नाही, ती त्या खुर्चीवर होती, मेडिकल फक्त तिलाच लागलं.

काल तुम्ही आला होतात. तुम्हालाही सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच, पहिल्यापासून. तुम्ही सगळं लक्ष देऊन ऐकलंत, पोरीचं कौतुक केलंत, तुमचे डोळेही थोडे पाणावले. मग खिडकीत वाकून विचारलंत, "ते सगळं ठीक हाय हो, पण झोपंच्या बॅचला काही जमतंय का बघा की."

तुमच्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत घेतलं आहे.