धाकटीची प्रकृती

वाद्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वादन. ऊन, वाळवी, दमट हवा आणि पाहुण्यांची मुलं यांचा क्रम त्यानंतर लागतो. बोटांना घाम येतो, घामात मीठ असतं आणि मिठाने तार गंजते. अंगठा टेकून टेकून पॉलिश उडतं, शर्टाच्या गुंड्यांनी पाठीवर ओरखडे पडतात. तेव्हा ज्याला वाद्याविषयी खरोखरची आस्था आहे त्याने ते वाजवण्यापासून शक्य तितकं लांब राहावं, हे ओघानेच आलं. एवढी साधी गोष्ट संगीताच्या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना शेवटपर्यंत समजत नाही.

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांना मात्र ती वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी समजली. (तोपर्यंत ते वाजवत असत.)

निरीक्षकांकडे तीन बेस गिटारी होत्या. बेस गिटार म्हणजे साध्या गिटारीची अंगापिंडाने थोराड बहीण. तारा चारच, पण जाडजूड, आणि आवाज इतका खालचा, की गाण्यात ती असली तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसली तर गाणं पोकळ का वाटतंय ते कोणाला सांगता येत नाही. निरीक्षकांच्या गिटारी कारखान्यातल्या नव्हत्या. त्या एका कारागिराने हाताने घडवल्या होत्या. हा कारागीर वर्षाला नऊच गिटारी करतो, फोन उचलत नाही, आणि गिऱ्हाइकाला लाकूड निवडू देण्याऐवजी लाकडाला गिऱ्हाईक निवडू देतो (असं माहितीपत्रकात छापलेलं आहे). तीन वेगवेगळ्या लाकडांनी निरीक्षकांचीच निवड केली, याचा त्यांना रास्त अभिमान होता. गिटारींची नावं थोरली, मधली आणि धाकटी. त्यांना मूलबाळ नव्हतं असं मात्र नाही. एक मुलगा होता, तो परगावी नोकरीला होता आणि त्याची तब्येत दिवसातून दोनदा तपासावी लागत नसे.

कोपऱ्यातली खोली गिटारींची. घरातला एकुलता एक एसी तिथेच होता, कारण या लाकडाला आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये लागते. नवराबायको बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपत. बायकोची या व्यवस्थेला हरकत नव्हती. निदान तिने ती लेखी कळवलेली नव्हती.

देखभालीची पद्धत पुढीलप्रमाणे होती. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला आर्द्रता मोजून वहीत नोंद. सोमवारी कोरड्या फडक्याने पुसणं, गुरुवारी जरा ओलसर फडक्याने पुसणं, आणि शुक्रवारी गुरुवारचा ओलसरपणा पुसणं. दर तीन महिन्यांनी तारा बदलणं. (तारा न वाजवताच जुन्या होतात, हे शास्त्र निरीक्षकांना मित्रमंडळात समजलं.) तारांखालच्या पट्टीवर लिंबाच्या वासाचं तेल. वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी, ज्यात तार पट्टीपासून किती उंच आहे ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजलं जाई, म्हणजे वाजवायला अत्यंत सोपं जावं.

मित्रमंडळ म्हणजे खर्ज मित्रमंडळ. सभासद अकरा, एकूण गिटारी त्रेचाळीस, पैकी सभासदांनी एकमेकांच्या ऐकलेल्या दोन. त्यातली एक, पेटी (म्हणजे केस) उघडताना कोणाचा तरी कोपर लागून वाजली होती. संबंधिताने दिलगिरी व्यक्त केली. मंडळाच्या बैठका दर महिन्याला होतात. त्यात लाकूड, चुंबक, पॉलिश आणि कारागिराचा स्वभाव या विषयांवर सखोल चर्चा होते. "वाजते कशी?" हा प्रश्न नवीन माणूस पहिल्या बैठकीत विचारतो आणि सगळे त्याच्याकडे प्रेमाने बघतात. दुसऱ्या बैठकीला तो विचारत नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना ताईचा फोन आला.

ताई म्हणजे निरीक्षकांची मोठी बहीण. एका मोठ्या इस्पितळात चौतीस वर्षं काढून, नर्सची मेट्रन होऊन, ती सहा आठवड्यांनी निवृत्त होणार होती. तरुणपणी ती गायची आणि निरीक्षक मागे बेस धरायचे. त्यात एक गाणं वडिलांचं लाडकं होतं. वडील गेले त्यानंतर ताई गायलीच नाही. बारा वर्षं झाली होती.

"निरोपाच्या दिवशी बाबांचं गाणं म्हणावं म्हणते," ताई म्हणाली. "एकदाच. तू वाजवशील ना रे मागे?"

"म्हणजे काय ताई! मी नाही वाजवणार तर कोण वाजवणार?"

"मग तालमीला कधी येतोस?"

"तालमीचं बघू गं. आधी गिटार तयार व्हायला हवी."

"तीन आहेत ना तुझ्याकडे?"

"म्हणून तर वेळ लागतो."

फोन ठेवल्यावर निरीक्षकांचे डोळे भरून आले होते, हे इथे नमूद केलं पाहिजे. ताईसाठी काहीही करायची त्यांची तयारी होती. आणि तयारी त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केली.

पहिला आठवडा कोणती न्यायची हे ठरवण्यात गेला. थोरलीचा स्वभाव गंभीर, मधलीची पाठ नुकतीच पॉलिश झालेली. धाकटीवर शिक्कामोर्तब झालं. दुसऱ्या आठवड्यात मंडळाची तातडीची बैठक बोलावण्यात आली. गिटार घराबाहेर नेऊन माणसांसमोर वाजवण्याचं पूर्वीचं एकही उदाहरण मंडळाच्या दप्तरात सापडलं नाही. तरीही सभासद खंबीरपणे पाठीशी उभे राहिले आणि कोणत्या तारा लावाव्यात याबद्दल अकरा मतं दिली. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या सातव्या मताच्या तारा मागवल्या. त्या आल्यावर तारा 'बसण्यासाठी' तीन आठवडे हवेत, असं निष्पन्न झालं. या काळात त्यांना हात लावायचा नसतो.

दर रविवारी ताई फोन करायची. "येतोस का आज?"

"तारा बसतायत गं."

"बरं," ताई म्हणायची. चौतीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून तिचं 'बरं' फार गुळगुळीत झालं होतं.

एकदाच, एका मंगळवारी, बायको भाजी आणायला गेली असताना निरीक्षकांनी धाकटीला मांडीवर घेतलं आणि गाण्याच्या पहिल्या चार ओळी वाजवल्या. बोटांना सगळं आठवत होतं. ताई कुठे श्वास घ्यायची तेसुद्धा. निरीक्षकांना इतकं बरं वाटलं, की ते घाबरले, आणि त्यांनी धाकटीला वीस मिनिटं पुसलं.

ठरलेल्या दिवशी टॅक्सी आली. "मी पुढे बसते," बायको म्हणाली, "तिला मागे आडवं होऊ द्या." निरीक्षक मागेच, केसला पट्टा लावून, तिच्यावर हात ठेवून बसले. चालकाने आरशात बघून गाडी हळू घेतली. त्याला वाटलं, इस्पितळ म्हटल्यावर तसंच काहीतरी असणार.

कार्यक्रम इस्पितळाच्या उपाहारगृहात होता. दुपारी चारला, खुर्च्या रिकाम्या असताना, सोबत आणलेल्या मापकावर आर्द्रता सत्तेचाळीस टक्के भरली. एवढी चांगली हवा निरीक्षकांनी घराबाहेर कधी पाहिली नव्हती. त्यांनी केस उघडली, धाकटीला गळ्यात घातलं, आणि ताईने लांबून हात केला.

मग माणसं यायला लागली. नर्स आल्या, डॉक्टर आले, जुने पेशंट आले, त्यांचे नातेवाईक आले, आणि सर्वांनी श्वासोच्छ्वास चालू ठेवला. मापक बावन्नवर गेला. मग सत्तावन्न. निरीक्षक जात्याच अभ्यासू. दर अकरा पाहुण्यांमागे हवा एक टक्क्याने दमट होते, हे प्रमाण त्यांनी जागच्या जागी काढलं. चहाचं भांडं झाकण्याची विनंती त्यांनी उपाहारगृहाच्या व्यवस्थापकांना केली, ती मान्य झाली. निम्म्या श्रोत्यांनी व्हरांड्यातून ऐकावं ही सूचना मात्र फेटाळण्यात आली. निष्कर्ष स्पष्ट होता. वाद्याला जे सभागृह मानवतं ते रिकामं असतं, आणि भरलेल्या सभागृहात वाद्य काढणं म्हणजे अविचार आहे.

सहासष्ट टक्क्यांना त्यांनी धाकटीला केसमध्ये ठेवलं आणि चारही खिट्ट्या लावल्या.

"ताई, हवा बरोबर नाही गं," ते म्हणाले. "लाकूड फुगेल. तू माझ्या जागी असतीस तर तूसुद्धा..."

ताईने मापकाकडे पाहिलं. जन्मभर तापाचे आकडे वाचलेली बाई होती ती. मग तिने सवयीने भावाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं," ती म्हणाली. "बस हो तू. पुढेच बस, पहिल्या रांगेत."

आणि तिने भिंतीकडे बघून मान हलवली. तिथून ॲम्ब्युलन्सचे एक चालक उठले. अंगात ड्यूटीचा खाकी शर्ट, हातात कर्मचाऱ्यांच्या करमणूक खोलीतली बेस गिटार. तिच्याविषयी बोलू नये हे बरं. एका बटणाच्या जागी सलाइनच्या बाटलीचं झाकण होतं, पट्टा बँडेजचा होता, आणि तारा इस्पितळाच्या पायाभरणीच्या वेळच्या असाव्यात. आर्द्रतेचा तिच्यावर काहीही परिणाम झालेला दिसला नाही. व्हायचे ते सगळे परिणाम आधीच झालेले होते.

ताई गायली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्यात वडिलांच्या आवडीची ओळ आली आणि ती अडली. तिथे चालकांनी एकच सूर धरून ठेवला, तिची वाट बघत, गर्दीत गाडी थांबवल्यासारखे शांत. ती सावरली तेव्हाच ते पुढे निघाले. त्यांचा एक सूर चुकला. निरीक्षकांच्या बोटांनी तो केसच्या झाकणावर बरोबर वाजवला, पण झाकण आतून मखमलीचं असल्याने आवाज झाला नाही.

टाळ्या थांबल्यावर निरीक्षक ताईजवळ गेले. घसा खाकरून म्हणाले, "बरे वाजवतात. यांना कधी सांगितलंस तू?"

"तुला फोन केला ना, त्याच दिवशी."

"त्याच दिवशी?"

"अरे, ड्यूटीच्या तक्त्याची पद्धतच आहे ती. नाव पेनाने लिहायचं, समोर पेन्सिलीने बदली माणूस. चौतीस वर्षांत माझा वॉर्ड एकदाही उघडा पडला नाही."

निरीक्षकांना जरा धीर आला. "म्हणजे सगळ्यांचाच बदली लिहितात."

"सगळ्यांचा कुठला रे," ताई चहा ओतत म्हणाली. "ज्यांची तयारी फार जोरात चालू असते, त्यांचाच."

त्या संध्याकाळी वहीत नोंद झाली: 'धाकटी कार्यक्रमास नेऊन आणली. प्रकृती उत्तम.' त्यापुढे निरीक्षकांना आणखी काहीतरी लिहायचं होतं. पेन बराच वेळ हातात होतं.

पेन्सिलीची ही पद्धत आता इस्पितळांपुरती राहिलेली नसून घराघरांत, मित्रांत आणि भावंडांत तिचा यशस्वी वापर सुरू आहे. त्यामुळे वाचकांना काळजीचं कारण नाही. आपण ज्यांना ज्यांना 'येतोच, जरा तयारी होऊ दे' असं कळवलेलं आहे, त्या सर्व ठिकाणची कामं व्यवस्थित पार पडत आहेत. आपल्या जागी कोण येतं, ते आपल्याला कळवण्याची तरतूद नाही. आपलं नाव मात्र लोक खोडत नाहीत. ते पेनाने लिहिलेलं आहे, आणि तेवढी माया त्यांना अजून आहे.