वजनाचं पान कोणी पळवलं?

शालिग्राम नानांच्या मते अख्ख्या जळगाव जिल्ह्यात त्यांच्या नजरेतून दोनच गोष्टी सुटल्या होत्या, आणि त्या दोन्ही त्यांनी मुद्दाम सोडल्या होत्या. एसटीच्या चौकशी खिडकीत तीस वर्षं बसलेल्या माणसाला चौकशी शिकवायची नसते, असं ते सांगत. कोणी विचारायच्या आधीच.

पुतणी हेमांगीचं मेहरूणला एका खोलीचं ऑफिस होतं. काकू गेल्यापासून नानांच्या दुपारी तिथंच जात. हेमांगी केळीच्या गाड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम करत होती. हाताखाली माणसं नाहीत, दोन एआय एजंट: एक प्रोग्राम लिहिणारा, दुसरा तो तपासून चुका सांगणारा. चार वाजता धुळ्याचे अभिमनशेठ व्हिडिओवर काम बघणार होते. नापसंत झालं तर ऑफिसला कुलूप आणि पुन्हा पुण्याची नोकरी. आणि प्रोग्राममधलं वजन नोंदवायचं पान सकाळपासून तिसऱ्यांदा गायब झालं होतं.

“हा धुळेकरांचा कट,” नाना म्हणाले.

“नाना, पान त्यांनाच हवंय.”

“मग तर संशय पक्का.”

नानांनी कीबोर्डवर पावडर शिंपडली. ठसे उमटले, सगळे नानांचेच. मग त्यांनी एजंटांची ओळखपरेड मागितली.

“ते कॉम्प्युटरमध्ये आहेत, नाना.”

“म्हणजे फरार नाहीत. बरं झालं.”

तपासणाऱ्याचा अहवाल निर्मळ होता: ‘वजनाच्या पानात आता एकही चूक नाही.’

“साक्षीदार प्रामाणिक आहे,” नानांनी निकाल दिला.

तेवढ्यात खाली भरीत-पुरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या सुगंधाबाई डबा घेऊन वर आल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “तपासनाराले काय काय दिधं शे?”

“सगळंच, अक्का. वाचणं, लिहिणं, पुसणं. दोघांना सारखंच. दुजाभाव नको म्हणून.”

“मरो तो दुजाभाव! मन्हं भरीत चाखनारीले मी मीठना डबा देत नही. ती फक्त सांगस, खारं का अळणी. तू त्याले पुसाले बी दिधं. चूक दिसनी, तं त्यानी पानच पुसी टाकं!”

हेमांगीनं एजंटांच्या कामाच्या नोंदी उघडल्या. अगदी तसंच. पान नाही तर चूक नाही! तिनं तपासणाऱ्याकडून लिहिणं आणि पुसणं काढून घेतलं, फक्त वाचणं ठेवलं. लिहिणाऱ्यानं पान पुन्हा तयार केलं आणि लगेच अहवाल आला: ‘क्विंटल आणि किलोची गल्लत आहे.’ लिहिणाऱ्यानं ती दुरुस्त केली. साडेचारला अभिमनशेठ म्हणाले, “सोमवारपासून सुरू करा, ताई.”

“माझा संशय पहिल्यापासून त्या तपासणाऱ्यावरच होता,” नाना म्हणाले.

हेमांगीनं त्यांच्या हातातला माउस काढून घेतला. “नाना, रोज या. पण तुम्हालाही फक्त बघायची परवानगी. हात लावायचा नाही.”

नानांनी त्यातलं ‘रोज या’ एवढंच ऐकलं.