चौकातली बोटभर तोफ

भिवंडीच्या विजयस्मारक समितीने चौकात चौथरा बांधला, तेव्हा त्यावरची तोफ यायची होती. नुकत्याच झालेल्या युद्धात शत्रूची हत्यारं हाती लागली होती. त्यांतली एक शोभेसाठी आपल्याही गावाला मिळावी, असा अर्ज समितीने वर पाठवला होता. चौथरा पुरुषभर उंच झाला, कुंपण झालं, उद्घाटनाला पाहुणे ठरले, मंडपवाल्याने बांबूही रोवले. तोफेबद्दल मात्र 'मागणी विचाराधीन आहे' एवढंच उत्तर आलं. मोकळ्या चौथऱ्याचं उद्घाटन करता येत नव्हतं आणि पाहुण्यांची तारीख बदलणं समितीच्या अधिकारात बसत नव्हतं.

अशा वेळी अध्यक्ष काळूरामशेठांना केसरीनाथ आठवला.

केसरीनाथ जॉबर होता, म्हणजे बंद पडलेले लूम चालू करणारा. शुक्रवारी लूमला सुटी. त्या दिवशी तो आणि शेजारचा पंढरी टेबलावर युद्ध खेळत. चिंध्यांचे डोंगर, निळ्या कटपीसची नदी, शिशाचे शिपाई. तोफेचा पल्ला दोऱ्याने मोजायचा आणि फासा टाकून गोळा लागला की नाही ते ठरवायचं. पंढरीचा किल्ला नदीपलीकडे होता आणि तिथवर कुणाचाच गोळा पोचत नव्हता. नळी लांब तितका पल्ला लांब, असा नियम. म्हणून केसरीनाथने एक खास तोफ बनवली. मोडक्या स्टोव्हची पितळी नळी, कोटाच्या बटणांची चाकं, चाकांचे आरे लूमच्या जुन्या फणीच्या तारांचे. येत्या शुक्रवारी किल्ला पडणार, हे नक्की होतं. दुसरा नियम असा, की जी तोफ शुक्रवारी टेबलावर हजर नाही ती शरण गेली, आणि लढाईही गेली.

"तुझी तोफ दे," शेठ म्हणाले.

"शेठ, ती बोटाएवढी हाय."

समितीचे सचिव अनंतराव यांनी अर्जाची प्रत चाळली. "आपण 'तोफ, नग एक' मागितली आहे. मापाचा उल्लेख नाही."

"पण लोकांना दिसंल का?"

"देशासाठी लोक एवढे डोळे ताणणार नाहीत?" शेठ दुखावले.

"शुक्रवारी आमची लढाई हाय, शेठ."

"लढाई संपली रे बाबा. जिंकलो आपण. पेपर वाचत नाहीस?"

उद्घाटन थाटात झालं. 'या अजस्र तोफेकडे पाहताच ऊर भरून येतो,' हे भाषणातलं वाक्य वाचून पाहुण्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. टाळ्या पडल्या. आता तोफ म्हटली की धोका आला. धोका टाळण्यासाठी कुंपण आणखी मागे सरकवलं, 'तोफेपासून दूर राहावे' अशी पाटी लागली, आणि शेजारच्या वळ गावच्या नामाला पहारेकरी नेमलं. इतक्या लांबून चौथऱ्यावर मांजर बसलेलं कळलं नसतं. लोक सलाम करून जाऊ लागले.

केसरीनाथ एका दिवसापुरती तोफ मागायला गेला.

"राष्ट्रीय ठेवा हलवता येत नाही," अनंतराव म्हणाले.

"मग दुसरी बनवतो."

"स्मारकाची नक्कल? परवानगी लागेल."

"कुणाची?"

"समितीची. समिती नकलांना परवानगी देत नाही."

घरी बायको पुतळाबाई म्हणाली, "भांडता कशापायी? तिला गंज चढला तर जबाबदार कोण, एवढंच इचारा."

जबाबदार हा शब्द ऐकताच समितीची तातडीची सभा भरली आणि देखभालीसाठी तज्ज्ञ म्हणून केसरीनाथची नेमणूक झाली. गुरुवारी तो तेलाची बुधली घेऊन शिडीवर चढला आणि तोफ खिशात घालून उतरला.

शिडी धरलेल्या नामाने विचारलं, "चकाकली?"

"चकाकली."

नामाने मोकळ्या चौथऱ्याला सलाम ठोकला.

शुक्रवारी केसरीनाथने तोफ नदीकाठी मांडली. दोरा ताणला. तो थेट किल्ल्याच्या दरवाज्यावर टेकला. पंढरीने मात्र फाशावर हात ठेवला.

"ही नक्कल. खरी चौकात हाय."

"आरं, चौकातलीच आणलीय!"

"थापा नको मारू. आत्ताच सलाम करून आलोय."

"कशाला केलास सलाम?"

"तोफेला!"

"भावजी, डोळं कुठं ठेवलं होतं?" पुतळाबाई आतून ओरडली.

केसरीनाथने त्याला हाताला धरून चौकात नेलं. तिथं बरीच मंडळी माना वर करून उभी होती. पंढरीने चौथरा पाहिला. पुन्हा पाहिला.

"दिसली का, भाऊ?" शेजारच्या गृहस्थांनी आदराने विचारलं.

पंढरीने मंडळींकडे पाहिलं, मग केसरीनाथकडे.

"दिसते म्हणजे काय! नळी बघा किती लांब हाय," तो म्हणाला. मग केसरीनाथच्या कानाशी वाकला. "तुझी तोफ इथं हाय, म्हंजी टेबलावर गैरहजर. शरण आलास."

एवढ्या लोकांसमोर खिशातून तोफ काढायची म्हणजे राष्ट्रीय ठेव्याची चोरी कबूल करणं होतं. केसरीनाथ लढाई हरला.

चौथरा अजून मोकळाच आहे. परवा अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाताना तुम्ही तिथं गाडी थांबवलीत, तेव्हा नामा तुम्हाला खरं सांगणारच होता. पण सोबतच्या कुणीतरी 'मला काही दिसत नाही' म्हटलं, आणि तुम्ही त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलंत.