भिंतीवरची दुसरी ओळ

धम्मपाल पेंटरच्या हाती तब्बल सहा वर्षांनी भिंत लागली होती. फ्लेक्स आल्यापासून मानखुर्दमध्ये हाताने अक्षरं काढून घेणारं कुणी उरलं नव्हतं. आता नव्या विहाराच्या भिंतीवर पंचशील साध्या मराठीत लिहायचं होतं आणि उद्घाटन होतं रविवारी सकाळी. समितीच्या सचिव अनुपमाबाई निवृत्त शिक्षिका. समोरच्याकडे अजूनही वही तपासल्यासारखं बघत. त्यांनी आधीच बजावलं होतं, "शनिवारी सातपर्यंत पाचही ओळी झाल्या नाहीत, तर नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्या सुयोगकडून फ्लेक्स छापून लावणार. मग तोंड पाडून बसायचं नाही."

शनिवारी दुपारी पहिली ओळ पुरी झाली. 'मी प्राण्यांची हत्या करणार नाही.' बाईंनी चष्मा वरखाली करून पाहिलं.

"अक्षर बरं आलंय," त्या म्हणाल्या.

बाईंकडून एवढं म्हणजे पैकीच्या पैकी. धम्मपालचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आला की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो.

"ब्रशची कमाल आहे, मॅडम. असली मुंगसाच्या केसांचा. तीस वर्षं जपलाय."

डबा घेऊन आलेली त्याची मुलगी रेवती शिडीपाशी थबकली. ती सुट्टीच्या दिवशी जखमी प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या मंडळींबरोबर फिरायची.

"पप्पा, मुंगूस काय केस कापायला सलूनमध्ये जातं?"

"म्हणजे?"

"मारतात त्याला. तेव्हा कुठे चिमूटभर केस मिळतात. बंदी आहे या ब्रशवर."

तिघांनी ब्रशकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"पुसा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तीस वर्षांपूर्वीचं मुंगूस आहे ते."

"पुसा म्हणते ना."

रेवतीची नजर एव्हाना बाईंच्या चामड्याच्या पर्सवर गेली होती. बाईंनी पर्स हळूच पाठीमागे सरकवली. "ते नंतर बघू. आधी भिंत."

धम्मपालने टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. खरं सांगायचं तर त्यालाही वाईट वाटलं. तीस वर्षं ते केस त्याने बोटांत धरले, पण ते ज्याचे होते त्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्याने ब्रश फडक्यात गुंडाळून रेवतीच्या हाती दिला.

मग नाक्यावरच्या स्टेशनरीतून शाळेच्या पोरांचा नायलॉनचा ब्रश आला. रंगात बुडवल्याबरोबर त्याचे केस चार दिशांना पांगले. 'मी' जाडजूड झाला, 'प्राण्यांची'मधल्या प्राण्यांचे हाल झाले. पुन्हा टर्पेंटाइन. तेवढ्यात सुयोगचा मेसेज आला, तो बाईंनी मुद्दाम मोठ्याने वाचला, "फाइल रेडी आहे, प्रिंट मारू का?"

"वीस मिनिटं द्या," म्हणत धम्मपाल घरी पळाला.

घरी बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोचं, शीतलचं पार्लर. एक बाई डोळ्यांवर काकडी ठेवून पडली होती आणि शीतल आत पाणी तापवत होती. मेकअपची पेटी उघडी होती. रेवतीच्या हट्टापायी शीतलने गेल्या वर्षी सगळे ब्रश बदलून कृत्रिम केसांचे घेतले होते, तेव्हा धम्मपाल पोट धरून हसला होता. आता त्यातला भुवयांचा ब्रश त्याला दिसला. चपटा, ताठ, आणि टोक तिरकं कापलेलं. लहानपणी गुरुजी बोरूला असाच तिरका काप द्यायचे. असल्या टोकाने देवनागरी लिहायची म्हणजे चैन. ब्रश कधी खिशात गेला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

पहिली ओळ अशी झकास उतरली, की तो स्वतःच्याच अक्षराच्या प्रेमात पडला. जिथे जाड तिथे जाड, जिथे बारीक तिथे बारीक. लगेच त्याने दुसरी धरली. 'मी न दिलेली वस्तू घे' इथवर आला आणि मागून आवाज आला.

"थांबलात का? पूर्ण करा ना."

शीतल अॅप्रनवरच आली होती. "उद्या सहाला घाटकोपरला नवरीचा मेकअप आहे माझा. अख्खं घर पालथं घातलं." मग तिने भिंतीवरची ओळ सुरुवातीपासून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने वाचली.

"न विचारता आणलात?" बाईंनी या खेपेला टर्पेंटाइनची बाटली स्वतःच उचलली.

सहा वाजून गेले होते. आता पुसलं तर फ्लेक्सच. धम्मपाल शिडीवरून उतरला आणि दोन्ही हातांनी ब्रश बायकोपुढे धरला.

"शीतल, चुकलं माझं. आधी विचारायला पाहिजे होतं. वापरू का तुझा ब्रश?"

पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने असं कधी विचारलं नव्हतं. शीतलने तो क्षण सावकाश उपभोगला.

"दिला," ती म्हणाली. "पण मला असाच नवा पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

"मी आणते," म्हणत रेवती निघालीसुद्धा.

शीतल बाईंकडे वळली. "आणि मॅडम, आता ती दिलेली वस्तू आहे. पुसायचं कारण नाही."

"आधीचे शब्द चोरीचेच आहेत," बाई पुटपुटल्या, पण त्यांनी बाटलीला बूच लावलं.

मग धम्मपालचा हात जो सुटला, तो पाचवी ओळ पुरी करूनच थांबला. सातला पाच मिनिटं कमी होती. त्याला शिडीवरच रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

रविवारी भिंतीपुढे गर्दी हटेना. भंतेजींनी पाचही ओळी दोनदा वाचल्या. अनुपमाबाई कापडी पिशवी खांद्याला लावून "आमचे पेंटर" म्हणून ज्याला त्याला ओळख करून देत होत्या. सुयोग बिचारा भरवसा नको म्हणून फ्लेक्स छापूनच आला होता. भिंत बघितल्यावर त्याने ती गुंडाळी पाठीशी लपवली आणि धम्मपालला बाजूला घेतलं.

"काका, आमच्या दुकानाची पाटी कराल? अशीच, हाताने."

"फ्लेक्सच्या दुकानाला रंगवलेली पाटी?"

"छापलेली कोण बघतंय, काका."

धम्मपालची छाती फुगली. तो हो म्हणणार, एवढ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने शीतलकडे वळून विचारलं, "घेऊ का काम?"

"घ्या की. पण त्याला म्हणावं रांगेत ये. पहिली पाटी माझ्या पार्लरची."

सुयोग निमूटपणे 'हो' म्हणाला. पार्लरवरचा फ्लेक्स त्यानेच छापलेला होता.