रूलोफची बारावी खूण

शनिवारी सकाळी रूलोफने ठरवलं, की आज वाटाड्या झाडूनपुसून काढायचा.

वाटाड्या म्हणजे त्याच्या मोटरसायकलच्या हँडलवर बसवलेला जीपीएस. बारा वर्षांत त्याने त्यात त्र्याण्णव रूट साठवले होते. माणसाने एकवेळ पोरांची नावं विचार न करता ठेवावीत, पण रूटची ठेवू नयेत, हे त्याला त्या सकाळी कळलं. ‘रविवार’, ‘रविवार नवा’, ‘रविवार पक्का’, ‘रविवार पक्काच पक्का’ आणि ‘हा नव्हे’. (या शेवटच्यावरून तो क्लबला दोनदा फिरवून आला होता.) यंत्राचं पोट गच्च भरलं होतं, नवा रूट ते घेईना. जुने डिलीट करावेत तर एकाही रूटवर बोट ठेवताना त्याचा जीव होईना. शेवटी त्याने नखाएवढं एक मेमरी कार्ड आणलं आणि त्र्याण्णवच्या त्र्याण्णव त्यात हलवायला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडलं.

“चाळीस वर्षांत मोज्यांचा खण कधी आवरला नाहीस,” फेन्ना बटाटे सोलता सोलता म्हणाली. फेन्ना त्याची बायको.

“मोजे हरवले तर दहा माणसं माझ्यामागून नदीत जात नाहीत,” रूलोफ म्हणाला, आणि त्याने जीभ चावली. कारण एप्रिलमध्ये नेमकं तेच होता होता राहिलं होतं.

हॉलंडच्या उत्तरेकडच्या त्या गावात मोटरसायकलवाल्यांचा एक क्लब होता. अकरा गाड्या, अकरा म्हातारे. मनाने सगळे पंचविशीतले, गुडघ्यांनी मात्र नव्हेत. रूलोफ त्यांचा रूट कॅप्टन. छत्तीस वर्षं त्याने गावात टपाल वाटलं होतं आणि एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं, हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत कुणालाही सांगायचा. पण छत्तीस वर्षं एकाच गल्लीबोळातून फिरलेल्या माणसाला गावाबाहेरचं जग म्हणजे धुकं. एप्रिलमध्ये त्याने सगळा तांडा एका नदीकाठी नेऊन उभा केला. वाटाड्या म्हणत होता, बोटीने पलीकडे जा. आणि बोट सुरू होत होती मे महिन्यात. पलीकडच्या काठावर यानेस उभा होता. तो पुलावरून कधीच पोचला होता आणि सँडविच खात हात हलवत होता.

यानेस हा रूलोफचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. तो यंत्रबिंत मानत नसे. पेट्रोलच्या टाकीवर पारदर्शक पिशवी, पिशवीत कागदाची पट्टी, पट्टीवर त्याच्या हाताने लिहिलेलं ‘चर्चपाशी डावीकडे’. तो कधी चुकला नव्हता आणि हे तो बोलून दाखवत नसे, नुसता हसायचा. बोललेलं परवडलं असतं.

त्या संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरीने सांगून टाकलं: आणखी एक संधी. जूनची फेरी नीट झाली तर ठीक, नाहीतर कॅप्टनकी यानेसकडे.

आता कॅप्टनकी गेली तर नुसती गेली असं नव्हतं. फेन्नाने रूलोफच्या चामडी जॅकेटच्या पाठीवर पिवळ्या दोऱ्याने ‘रूट कॅप्टन’ असं भरून दिलं होतं. भरतानाच तिने बजावलं होतं, की चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं. “उद्या उसवलं तरी लोक भोकांवरून वाचतील.” तेव्हापासून रूलोफला स्वप्नात भोकं दिसायची.

म्हणून जूनचा रूट त्याने जिवापाड जपून केला. कॉम्प्युटरवर नकाशा उघडून एकेक खूण ठेवत गेला. पहिली खूण ‘घर’, चौदावी खूण परत ‘घर’. ही ‘घर’ खूण त्याने बारा वर्षांपूर्वी, यंत्र घेतलं त्या दिवशी, जाड बोटाने ठेवली होती. तीच उचलून तो प्रत्येक रूटच्या दोन्ही टोकांना डकवायचा. दर रविवारी फाटकातून निघताना वाटाड्या पहिलं मिनिटभर ‘मागे वळा, मागे वळा’ करायचा. रूलोफ म्हणायचा, झोपेत आहे बिचारा. परतताना तो गावाच्या वेशीवरच यंत्र बंद करायचा. स्वतःच्या घरी जायला पोस्टमनला यंत्र कशाला?

अकरा खुणा झाल्या. बारावी ठेवताना फेन्ना ओरडली, की बटाटे निवताहेत. हात हलला, तांदळाच्या दाण्याएवढा. पडद्यावरचा दाणा म्हणजे जमिनीवरचे दोनशे मीटर, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने सेव्ह केलं आणि तो जेवायला बसला. आणि जेवल्यावर ज्याला अवदसा म्हणतात ती आठवली: प्रत्येकाला एकेक कार्ड भरून द्यायचं, म्हणजे ‘माझं यंत्र वेगळं सांगत होतं’ असं म्हणायला कुणाला तोंड नको.

यानेसलाही दिलं. “माझ्या कागदाला चार्जिंग लागत नाही,” यानेस म्हणाला. पण कार्ड खिशात टाकलं.

जूनचा रविवार असा निघाला की देवानेच इस्त्री करून पाठवला. अकरा गाड्या ओळीने धावत होत्या. रूलोफची पाठ ताठ, आणि मागच्या सीटवर फेन्ना, नाकासमोरची पिवळी अक्षरं वाचत. बारा वाजता समुद्राजवळच्या खानावळीत मोहरीचं सूप सांगून ठेवलेलं. अकरा खुणा बिनबोभाट पार पडल्या. मग वाटाड्या म्हणाला, “उजवीकडे वळा.” मागून सात यंत्रं एका सुरात म्हणाली, “उजवीकडे वळा.” सात साक्षीदार म्हटल्यावर रूलोफ डोळे मिटून वळला.

रस्ता अरुंद. दोन्हीकडे पाण्याचे चर. मागे फिरायला जागा नाही आणि मागे दहा गाड्या. रस्ता संपला तो एका शेतकऱ्याच्या अंगणात.

अंगणात खुर्च्यांचं रिंगण होतं, रिंगणात अठ्ठावीस माणसं. मधल्या टेबलावर केक, आणि मानाच्या खुर्चीला कागदी पताका बांधून तिच्यात बसलेली एक म्हातारी. तिच्या डोक्यावर पाटी: नव्वद.

“शक्य होताच मागे वळा,” वाटाड्या म्हणाला.

रूलोफने इंजिन बंद केलं. इथे एका वाक्यात सुटका होती. ‘माफ करा, वाट चुकलो.’ इतकं बोलून जगात कुणी मेलेलं नाही. पण मागे यानेसने हेल्मेट काढलं होतं आणि तो हसत होता. तेच ते सँडविचवालं हसू.

“हा कुठला थांबा, कॅप्टन?”

“कॉफीचा,” रूलोफ म्हणाला. “मुद्दामच सांगितला नव्हता. सरप्राइज.”

तो एवढं बोलतो आहे तोवर फेन्ना खाली उतरून, हातमोजे काढून पहिल्या खुर्चीशी पोचलीसुद्धा. तिचा दोष नाही. त्या मुलखात खुर्च्यांचं रिंगण आणि केक दिसला की हात आपोआप पुढे होतो. आणि अभिनंदन एकट्या वाढदिवसवालीचं करून भागत नाही, सगळ्या गोतावळ्याचं करावं लागतं. आईबद्दल अभिनंदन, सासूबाईंबद्दल अभिनंदन, शेजारणीबद्दल अभिनंदन. एकाशी हात मिळवला की सगळ्यांशी मिळवायचा, मध्ये सोडणं म्हणजे उघड भांडण. फेन्नामागे रूलोफ लागला, रूलोफमागे चामड्यातली दहा माणसं. अठ्ठावीस खुर्च्या, बारा पाहुणे. हस्तांदोलनं संपेपर्यंत कॉफी निवली.

आणि एकदा हात मिळवलेल्या माणसाला ‘आपण कोण?’ असं कसं विचारायचं? बाकं आली, उलट्या बादल्या आल्या, सगळे बसले.

यजमानीण स्टीन ही म्हातारीची मुलगी. ती स्वयंपाकघरात नवऱ्याला दबक्या आवाजात झाडत होती, ते खिडकीतून सगळ्या अंगणाला ऐकू येत होतं. “तुझ्याकडची माणसं कधी कळवून येतील तर शपथ.”

“माझ्याकडची? माझ्याकडचे केकची वेळ चुकवत नाहीत. हे तुझ्याकडचे. तोंडं बघ.”

केक अठ्ठावीस तुकड्यांचा होता. त्या घरात माणशी एक तुकडा, आदल्या दिवशी मोजून. स्टीनने ओठ आवळून अठ्ठावीसाचे चाळीस केले. रूलोफच्या वाट्याला आलेला तुकडा बशीत उभाही राहीना, लाजून आडवा झाला.

एवढ्यात पताकांच्या खुर्चीतून आवाज आला. “तू कुणाकडचा रे?”

म्हातारीचं नाव लामेखीन.

“मी रूलोफ, आजी.”

“नाव नाही विचारलं. कुणाकडचा?”

अशा वेळी माणूस सगळ्यात खरं जे असेल तेच बोलतो. “मी टपालखात्यातला.”

“पत्र आणलंस?”

“नाही.”

“मग?”

अंगणात कोंबड्यांचंच काय ते बोलणं चालू होतं. यानेसने कप खाली ठेवला, दाढी पुसली, आणि तो गोड आवाजात म्हणाला, “सांग की, कॅप्टन. आम्हालाही ऐकायचंय.” रूलोफच्या पाठीवरचं एकेक अक्षर सुटून खाली पडायला लागलं.

“तू गप,” लामेखीन आजी यानेसला म्हणाली. “तू बुधवारी येऊन गेलास.”

सगळ्यांच्या माना यानेसकडे वळल्या.

“मी सकाळच्या न्याहारीपासून त्या खिडकीत बसते. मला नव्वद झालीत, आंधळी नाही झाले. हीच पांढरी दाढी, हीच निळी गाडी. अंगणात एक फेरी मारलीस, माझी तांबडी कोंबडी चरात घातलीस, आणि हँडलवरच्या डबड्याला शिव्या घालत गेलास.”

“डबडं?” क्लबचा सेक्रेटरी म्हणाला. “यानेस, तुझ्याकडे डबडं आहे?”

यानेसचे कान त्याच्या दाढीच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोसारखे पिकले. डबडं होतं. रूलोफच्यासारखंच, नवंकोरं, गाडीच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. रूलोफचं कार्ड घालून त्याने बुधवारी अख्खा रूट गुपचूप तपासला होता. बारावी खूण अंगणात पडते हे त्याला चार दिवस ठाऊक होतं आणि तो तोंड दाबून या घटकेची वाट पाहत होता. आता एक तर हे कबूल करायचं, नाहीतर...

“मी सांगायला आलो होतो,” तो म्हणाला. “आम्ही येणार म्हणून. रूलोफनेच धाडलं होतं.”

“हो,” रूलोफ म्हणाला. “मीच.”

बारा वर्षांत दोन्ही शेजाऱ्यांचं प्रथमच एकमत झालं.

“दोघेही खोटारडे,” लामेखीन आजी म्हणाली. “वाट चुकलेलं माणूस मला वासावरून कळतं. बसा. नव्वद वर्षं माझ्या वाढदिवसाला येतात ते यावंच लागतं म्हणून येतात. चुकून आलेले तुम्हीच पहिले. स्टीन, कॉफी ओत.”

मग कोण उठतो? तीन वाजता निघाले. खानावळीतल्या सुपावर साय धरली होती. पण अशी फेरी क्लबने जन्मात केली नव्हती, असं सगळ्यांचं मत पडलं आणि कॅप्टनकी शाबूत राहिली. निघण्याआधी स्टीनने बाराही जणांच्या जन्मतारखा वाढदिवसांच्या कॅलेंडरवर उतरवून घेतल्या. ते कॅलेंडर संडासात टांगलेलं होतं, जिथे ते त्या मुलखात प्रत्येक घरात असतं. माणूस तिथेच निवांत वाचतो.

इथे गोष्ट संपली असती, पण रूलोफच्या डोक्यात हवा गेली.

नोव्हेंबरात त्याचा वाढदिवस. त्याने सगळा क्लब आणि सगळं शेतावरचं गोत बोलावलं, आणि निमंत्रण धाडलं ते मेमरी कार्डावर. रूटचं नाव ‘माझा वाढदिवस’, शेवटची खूण ‘घर’.

“अरे, पत्ता लिही की,” फेन्ना म्हणाली. “पोस्टमन ना तू?”

“पत्त्यांचा जमाना गेला.”

त्या दिवशी अकरा वाजता चाळीस खुर्च्यांचं रिंगण तयार होतं, केक चाळीस तुकड्यांचा. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले, कुणी येईना. रूलोफ एकेका खुर्चीत बसून पाहत होता. पावणेबाराला भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं, उदंड आयुष्याचं, चांगलं तीस-चाळीस गळ्यांतलं.

फेन्नाने खिडकीतून पाहिलं. यानेसच्या अंगणात गाड्यांची रांग होती, आणि शेवटी स्टीनच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर.

रूलोफने हँडलवरून वाटाड्या काढून आणला, ‘घर’ उघडलं आणि बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. खूण यानेसच्या उंबऱ्यावर होती. बारा वर्षं आणि सगळे मिळून पंचाण्णव रूट, एकूण एक यानेसच्या दारातून निघत होते आणि यानेसच्याच दारात परतत होते. क्लबवाल्यांना का दोन्ही घरं ठाऊक नव्हती? होती. पण जूनपासून त्यांनी नियमच केला होता, की कॅप्टनचा रूट दुरुस्त करायचा नाही, मजा जाते.

“छत्तीस वर्षांत एक पत्र,” फेन्नाने सुरुवात केली.

“नको,” रूलोफ म्हणाला.

त्याने जॅकेट चढवलं आणि केक दोन्ही हातांनी उचलला. मागून फेन्ना, नाकासमोरची पिवळी अक्षरं वाचत. यानेसने दार उघडलं आणि तो नुसता हसला. केक टेबलावर ठेवून रूलोफ पहिल्या खुर्चीपासून लागला, एकेक हात हातात घेत. शेवटची खुर्ची लामेखीन आजीची. यानेसच्या बायकोने तिला मानाने पताकांखाली बसवलं होतं. आजीने त्याचा हात धरला, वरपासून खालपर्यंत त्याला न्याहाळलं.

“यानेसबद्दल अभिनंदन,” ती म्हणाली. “आणि तू कुणाकडचा रे?”

“शेजारचा,” रूलोफ म्हणाला.